तारा धरून ठेवणारं घड्याळ

१८८०च्या दशकात विलायतेहून आलेलं एखादं अवजड यंत्र मुंबई बंदरातून पुण्याला न्यायचं, तर जीआयपी रेल्वेशिवाय दुसरी सोय नव्हती. कल्याणला लोहमार्गाला दोन फाटे फुटत. एक कसारा घाटाकडे जाई, दुसरा अंबरनाथ-बदलापूरवरून, उल्हास नदीच्या खोऱ्यातून कर्जतकडे. कर्जतच्या पुढे भोर घाट. घाटातल्या रिव्हर्सिंग स्टेशनवर इंजिन एका टोकाचं सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि गाडी उलट तोंडाने उरलेली चढण चढायची. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यात घडलेली, २० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण याच मार्गाने पुण्याला पोचली असणार. भारतातली ती त्या काळची सर्वांत मोठी दुर्बीण होती.

ती आणण्यामागे होते कावसजी दादाभाई नायगमवाला. जन्म १८५७चा, शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात, विषय भौतिक आणि रसायन. पुढे त्याच कॉलेजात ते शिकवायला लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजला प्रयोगशाळेसाठी देणगी दिली आणि मुंबई सरकारने तिच्यात भर घातली. मूळ बेत होता वर्णपटाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा काढायचा. सामान खरेदीसाठी नायगमवाला इंग्लंडला गेले, तिथल्या खगोलशास्त्रज्ञांना भेटले आणि प्रयोगशाळेची वेधशाळा झाली. सूर्याच्या वर्णपटात हेलियमची रेषा ओळखणाऱ्या नॉर्मन लॉकियर यांचा सल्ला त्यात महत्त्वाचा होता. दरम्यान नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले होते. आज सीओईपी म्हणून ओळखली जाणारी ही संस्था मुळा-मुठेच्या संगमाजवळ आहे. तिच्या आवारात १८८८मध्ये ‘महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा’ सुरू झाली. ताऱ्यांच्या भौतिकीला वाहिलेली भारतातली ही पहिली आधुनिक वेधशाळा.

तो काळही मोठा रंगतदार होता. दुर्बिणीला डोळा लावून कागदावर चित्र काढायचं, ही तोवरची रीत. तेजोमेघाचं चित्र प्रत्येक निरीक्षकाच्या हातून वेगळं उतरायचं. ओल्या काचेवरची छायाचित्रण-पद्धत आकाशाच्या कामाला फारशी उपयोगाची नव्हती, कारण लेप वाळायच्या आत, म्हणजे थोडक्या मिनिटांत, सगळं उरकावं लागे. १८७०च्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या आणि ही मुदत संपली. काच आता तासन् तास उघडी ठेवता येऊ लागली. डोळ्याची कुवत क्षणापुरती असते. काळोखात तासभर बघत बसलं तरी अंधूक वस्तू उजळत नाही. काचेवर मात्र प्रकाश साठत जातो.

३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचं पहिलं छायाचित्र घेतलं. काच ५१ मिनिटं उघडी होती. १८८२मध्ये त्यांनी हीच वेळ १३७ मिनिटांवर नेली. १८८३च्या जानेवारीत लंडनजवळच्या ईलिंगला अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची परावर्ती दुर्बिणीने ३७ मिनिटांत त्याच तेजोमेघाचा फोटो घेतला. त्या दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारे त्या काचेवर उमटले होते. निरीक्षकाच्या डोळ्यापेक्षा काच अधिक बघते, हे त्या रात्री सिद्ध झालं.

पुण्याच्या दुर्बिणीला इंग्लंडमध्ये एक जुळं भावंड होतं. लिव्हरपूलजवळ आयझॅक रॉबर्ट्स नावाचा बांधकाम व्यवसायातला धनिक राहायचा. त्याने ग्रबकडूनच २० इंची परावर्ती दुर्बीण करवून घेतली होती. पुण्याची वेधशाळा सुरू झाली त्याच वर्षी, २९ डिसेंबर १८८८ला, रॉबर्ट्सने देवयानी नक्षत्रातल्या ‘तेजोमेघा’वर काच चार तास उघडी ठेवली. तोवर ज्याला ढगाचा पुंजका समजत होते, त्याच्या आत सर्पिल पट्टे निघाले. ती आपल्या आकाशगंगेसारखी वेगळी दीर्घिका आहे हे कळायला आणखी साडेतीन दशकं जायची होती, पण पुरावा त्या काचेवर आला होता. १८९२मध्ये याच दुर्बिणीने खेकडा तेजोमेघाचं पहिलं छायाचित्र घेतलं गेलं. हा तेजोमेघ म्हणजे इसवी सन १०५४मध्ये वृषभ राशीत स्फोट होऊन भर दिवसाही २३ दिवस दिसलेल्या ताऱ्याचे अवशेष. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे १०६० सालचा. शिलाहारांच्या राज्यात हे मंदिर पुरं होण्याच्या सुमारास तो तारा डोळ्यांना दिसेनासा होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती.

चार तास काच उघडी ठेवायची म्हणजे चार तास पृथ्वीशी झगडायचं. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत स्वतःभोवती फिरते. त्यामुळे आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं. दोन मिनिटांत पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं. रॉबर्ट्सच्या दुर्बिणीचं केंद्रांतर सुमारे अडीच मीटर होतं. तिचं घड्याळ नुसतं एक सेकंद थांबलं, तर खगोलीय विषुववृत्तालगतचा तारा काचेवर सुमारे ०.१८ मिलिमीटर घसरला असता. ठिपक्याची रेघ व्हायला एवढं पुरे.

यावरचा उपाय यांत्रिक होता. दुर्बिणीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर बसवायचा, म्हणजे तो ध्रुवाकडे रोखलेला राहतो. मग फक्त त्या एका अक्षाभोवती, पृथ्वीच्या उलट दिशेने आणि तिच्याच वेगाने दुर्बीण फिरवली की तारा जागच्या जागी उभा राहतो. डब्लिनला हा अक्ष जमिनीशी ५३ अंशांचा कोन करतो, पुण्यात साडेअठरा अंशांचा. बदलापुरातही १९ अंशांच्या आसपास. आपल्याकडे हा अक्ष जवळजवळ आडवा झोपलेला असतो, त्यामुळे तोल सांभाळण्याचं गणितच बदलतं. ध्रुवतारा नेमक्या ध्रुवावर नाही. आज तो पाऊण अंशाहून थोडा कमी आणि त्या काळी सव्वा अंशाच्या आसपास दूर होता. त्यामुळे त्याच्यावर नुसता नेम धरून भागत नसे. मध्यान्हरेषेजवळचा एखादा तारा पकडून तो उत्तर-दक्षिण सरकतो का हे बघत बसायचं, अक्ष किंचित डावी-उजवीकडे हलवायचा, मग पूर्वेकडचा तारा पकडून अक्षाची उंची दुरुस्त करायची. आजही चोख काम करणारे हाच खटाटोप करतात.

दुर्बीण फिरवायला घड्याळ असे. दोरीला टांगलेलं वजन खाली उतरायचं, गरगर फिरणारा गव्हर्नर त्याचा वेग आवरायचा आणि आट्यांचा दांडा, ज्याला आपले फिटर वर्म म्हणतात, मोठ्या दातेरी चाकाला एकेक दात पुढे ढकलायचा. चाकाला ३६० दात असतील तर वर्मचा एक फेरा चार मिनिटांत पुरा झाला पाहिजे. वर्मच्या आट्यांत केसाएवढा दोष असला तरी दर फेऱ्याला तारा पुढे-मागे डुलतो. ग्रब यांची ख्याती इथेच होती: लंबकाच्या घड्याळाकडून येणाऱ्या विजेच्या ठोक्याने दुर्बिणीच्या घड्याळाला ताळ्यावर ठेवायची युक्ती त्यांनी बसवली होती. तरीही शेवटची राखण माणसाकडेच राही. फोटोच्या दुर्बिणीला जोडलेल्या दुसऱ्या दुर्बिणीत कोळ्याच्या धाग्याची फुली ताणलेली असे. निरीक्षकाने एक तारा त्या फुलीवर आणायचा आणि फोटो होईपर्यंत त्याला तिथून हलू द्यायचं नाही. पापणी लवायची तेवढीच सवड. रॉबर्ट्सने पुढे या कामासाठी फ्रँक्स नावाचा पगारी सहायक ठेवला.

नायगमवालांना अशी चैन नव्हती. वेधशाळा म्हणजे बव्हंशी ते एकटेच. त्यात हवामान देशी. पावसाचे चार महिने घुमट बंद. आरशावरचा चांदीचा मुलामा दमट हवेत काळवंडतो, तो उतरवून पुन्हा चढवावा लागतो. जिलेटिन उन्हाळ्यात मऊ पडून काचेच्या कडांना सुरकुत्या येतात, म्हणून उष्ण प्रदेशात काचा तुरटीच्या पाण्यात बुडवून घट्ट करत.

नायगमवालांचा मुख्य विषय वर्णपटाचा. त्यात तर ताऱ्याला धरून ठेवणं आणखी जिकिरीचं. फोटोत तारा सरकला तर ठिपका लांबतो. वर्णपटदर्शकाच्या अरुंद फटीवरून सरकला तर प्रकाशच आत जात नाही. १८९१मध्ये त्यांनी मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटाचं निरीक्षण लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. या तेजोमेघाच्या प्रकाशात एक हिरवी रेषा ठळक दिसते. ती कशाची, यावर तेव्हा कडाक्याचा वाद पेटला होता. लॉकियर म्हणत, तेजोमेघ हे अशनींचे थवे आहेत आणि ही रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड. तसं असेल तर रेषा एका बाजूने पुसट हवी. विल्यम हगिन्स म्हणत, रेषा वायूची आहे, तेव्हा ती दोन्ही बाजूंनी रेखीव असणार. पुण्याहून नायगमवालांनी कळवलं, रेषा रेखीव आहे. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली त्यांच्याच मताविरुद्ध हा निष्कर्ष होता, आणि तो बरोबर ठरला. ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे अमेरिकेच्या आयरा बोवेन यांनी १९२७मध्ये दाखवलं.

२२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाने साऱ्या जगाची नजर महाराष्ट्राकडे वळली. सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून शिरून सोलापूर जिल्हा आणि वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे जाणार होता. पुण्यात प्लेगचे दिवस होते. प्लेग-बंदोबस्ताचा अधिकारी रँड याचा खून होऊन सात महिने झाले होते. अशा वातावरणात दुर्बिणींचे खोके घेऊन साहेब मंडळी गावोगाव उतरली. लॉकियर युद्धनौकेच्या खलाशांना हाताशी घेऊन विजयदुर्ग किल्ल्यावर तळ ठोकून होते. किल्ल्यातले ‘साहेबाचे कट्टे’ तेव्हाचे. हेलियमचा शोध तिथेच लागला असं हौसेने सांगितलं जातं, पण लॉकियर यांचं ते निरीक्षण ऑक्टोबर १८६८चं, इंग्लंडमधलं. विजयदुर्गला ते आले तीस वर्षांनी.

वऱ्हाडातल्या तळणीला ब्रिटिश हौशी खगोल संघटनेची तुकडी होती. तिच्यात ॲनी माँडर होत्या. ग्रिनिच वेधशाळेत त्या गणनेचं काम करत. लग्न झाल्यावर नियमाप्रमाणे ती नोकरी सोडावी लागली होती. तळणीला त्यांनी एका लहानशा कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेला एक किरण टिपला, सुमारे एक कोटी किलोमीटर लांबीचा. तोवर एवढा लांब किरण कोणालाच फोटोत मिळाला नव्हता.

नायगमवालांनी आपला तळ टाकला जेऊरला. करमाळा तालुक्यातलं हे गाव मुंबई-मद्रास लोहमार्गावर असल्याने सामान न्यायला सोपं. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल हेही तिथेच उतरले होते. त्यांच्याजवळ ४० फूट केंद्रांतराचा कॅमेरा होता. एवढी लांब नळी आकाशात फिरवणं शक्य नाही. त्यामुळे भिंग उंचावर पक्कं बसवायचं, ४० फुटांवर खाली अंधाऱ्या खोलीत काच ठेवायची आणि भिंगाला हात न लावता काचच रुळांवरून सरकवायची. अशा कॅमेऱ्यात सूर्याची प्रतिमा साडेअकरा सेंटिमीटर व्यासाची पडते. खग्रास अवस्था दोन मिनिटांची, आणि तेवढ्यात ही प्रतिमा दहाएक सेंटिमीटर सरकणार. घड्याळाने काच त्याच वेगाने, हिसका न बसता, नेली तरच प्रभामंडलाचे तंतू उमटणार. सोलापूरकडची थंडीतली दुपार निरभ्र निघाली आणि काम फत्ते झालं.

नायगमवालांनी ग्रहणाचे वर्णपट घेतले. चंद्राने सूर्यबिंब झाकताच काळ्या रेषांचा वर्णपट क्षणभर उलटून तेजस्वी रेषांचा होतो. तो क्षण पकडणं हे त्या काळी मोठं आव्हान होतं. जेऊरचा अहवाल त्यांनी वेधशाळेचं प्रकाशन म्हणून १९०२मध्ये छापला. पेशवाई बुडून शतकही झालं नव्हतं, अशा पुण्यातल्या एका कॉलेजने सूर्याच्या वातावरणावरचा अहवाल काढावा, ही लहान गोष्ट नव्हती.

असं असूनही १९१२मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. त्यांच्या जागी उभं राहील असं कोणी तयार झालंच नव्हतं. आदल्याच वर्षी कॉलेजचं नावही ‘कॉलेज ऑफ सायन्स’चं ‘कॉलेज ऑफ इंजिनियरिंग’ झालं होतं. सरकारला हवी असलेली खगोलविद्या म्हणजे सूर्याचा अभ्यास. त्यासाठी कोडाईकनालची वेधशाळा होती आणि तिथे जॉन एव्हरशेड यांचं काम जगभर गाजत होतं. पुण्याची यंत्रं तिकडे रवाना झाली. कोडाईकनालला रात्रीच्या दुर्बिणीची कोणाला निकड नव्हती. २० इंची दुर्बीण पुन्हा उभी राहिली ती स्वातंत्र्यानंतर. नायगमवाला १९३८मध्ये वारले.

या सगळ्याचा दोष एका कोणावर टाकण्यात अर्थ नाही, पण तुलना टाळता येत नाही. एकाच कारखान्याच्या, एकाच मापाच्या दोन दुर्बिणी. इंग्लंडातल्या धनिकाच्या पदरी पैसा, सहायक आणि पाहिलेलं छापून काढायची हौस; दोन ग्रंथांत त्याची छायाचित्रं जगापुढे आली. पुण्यात विद्या होती, यंत्र होतं, निष्ठाही होती, फक्त दुसरा माणूस नव्हता. दीर्घ एक्सपोजरला घड्याळाइतकीच हाताखालच्या माणसाची गरज असते, आणि वेधशाळेला तर पुढच्या पिढीची. मुंबई सरकारने दुर्बिणीला घड्याळ दिलं, वेधशाळेला मात्र ते बसवलंच नाही.

पुढची पिढी आली ती हौशी लोकांमधून. २२ ऑगस्ट १९४४ला पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. भारतातली ही सर्वांत जुनी हौशी खगोल संस्था. १९८५-८६मध्ये हॅलेचा धूमकेतू येऊन गेला आणि त्या उत्साहात मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं. कल्याणला आकाश मित्र मंडळ आहे. लोकलने बदलापूर ओलांडलं की पुढचं स्टेशन वांगणी. अमावास्येच्या आगेमागे दुर्बिणी, सतरंज्या आणि चहाचे थर्मास घेऊन तिथे रात्रभर आकाशदर्शनाला जायचं, हा मुंबई-ठाण्याकडच्या कित्येकांचा आकाशाशी झालेला पहिला परिचय. व्यावसायिक पातळीवर पुण्याला मोठी दुर्बीण परत मिळायला २००६ साल उजाडावं लागलं. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण जुन्नरजवळ गिरवलीला उभी आहे. तिला ध्रुवाकडे झुकलेला अक्ष नाही. संगणक दोन अक्ष एकाच वेळी फिरवतो आणि प्रतिमा फिरू नये म्हणून कॅमेराही.

हौशी माणसाच्या हातात आज जे आहे ते बघितलं तर रॉबर्ट्सला हेवा वाटला असता. कोळ्याच्या धाग्याच्या जागी एक छोटा कॅमेरा दर दोन-तीन सेकंदांनी मार्गदर्शक ताऱ्याचा फोटो घेतो, तारा अर्ध्या-एक विकलेने जरी सरकला तरी मोटारीला सूचना देतो. चार तासांचा सलग फोटोही आता कोणी घेत नाही. पाच-पाच मिनिटांचे पन्नास फोटो घेऊन संगणकावर एकमेकांवर रचले, की विमान गेलं किंवा ढग आला तरी तेवढाच तुकडा वाया. वर्मचा दोष मात्र आजही आहे, आणि अक्ष ध्रुवाशी जुळवण्याचा वेळखाऊ उद्योगही.

नवी अडचण दिव्यांची आहे. वांगणीहून वायव्येकडे बघितलं तर बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याणचा एकत्र उजेड क्षितिजावर चढलेला दिसतो. बदलापूरच्या गच्चीवर तर आकाशगंगा दिसत नाही, मृगातला तेजोमेघ दिसला तर धुराचा डाग म्हणून. तरीही इथल्या गच्च्यांवरून त्याचे रंगीत फोटो निघू शकतात, त्याला कारण आहे गाळणी. शहराचा उजेड तरंगलांबीच्या रुंद पट्ट्यात पसरलेला असतो, तेजोमेघाचा प्रकाश थोड्याशा नेमक्या रेषांत एकवटलेला. तेवढ्याच रेषा आत सोडणारी गाळणी कॅमेऱ्यापुढे बसवली की बहुतेक उजेड बाहेर राहतो. यातली एक गाळणी हायड्रोजनच्या तांबड्या रेषेसाठी असते आणि दुसरी ५००.७ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषेसाठी. ही दुसरी रेषा ऑक्सिजनची, १८९१मध्ये पुण्याहून ‘रेखीव आहे’ असं कळवलेली तीच. लॉकियर यांच्या म्हणण्याप्रमाणे ती एका बाजूने पसरट असती, तर इतक्या अरुंद गाळणीने ती पकडताच आली नसती.